पिकावरची मजुरी

आमच्या गल्लीत वीज गेली की सगळे वैतागतात आणि मी मोबाइल काढते. इचलकरंजीत राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. आमच्या डाव्या भिंतीला लागून बारा यंत्रमागांचा कारखाना आहे, परसाकडं आठ मागांचा. दिवसरात्र खटक-खटक, खटक-खटक. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. पाहुणे येतात, रात्रभर कूस बदलत राहतात, तेव्हा आठवतं की अरे हो, आवाज आहे. पण मोबाइलच्या माइकला तो ऐकू येतो, माझ्या आवाजापेक्षा मोठ्यानं. म्हणून वीज गेली, माग थांबले, की टेबल खिडकीशी ओढायचं, खडू-टेप-कात्री मांडायची, अस्तराचा तुकडा पसरायचा आणि मिळेल तेवढ्या वेळात मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या कापाचा, आकार शिकवून मोकळं व्हायचं. ब्लाउज शिकवणारे माझे यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ नीट ऐकलेत तर काहींच्या शेवटी मी घाईघाईनं "चला, भेटू परत" म्हणते आणि मागून पहिला माग सुरू झालेला असतो.

सुरुवात २०१८ची. नाशिकच्या नणंदेला कटोरी ब्लाउजचं कटिंग हवं होतं. फोनवर सांगून सांगून दोघींचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी मसाल्याच्या डब्यावर डबा रचून त्यावर मोबाइल टेकवला आणि अठरा मिनिटांचा व्हिडिओ काढला. तो व्हॉट्सॲपवर जाईना, तिथं तेव्हा १६ एमबीची मर्यादा. भाच्यानं सांगितलं, "मामी, यूट्यूबवर टाका आणि लिंक पाठवा." टाकला. नणंदेनं ब्लाउज शिवला, बरा झाला, विषय संपला. तीन आठवड्यांनी बघते तर कुणी अनोळखी बाई विचारत होती, "ताई, ३८ साईजला मुंढा किती धरायचा?"

तो प्रश्न वाचून जे वाटलं त्याला पैशात मोजता येणार नाही. दहावीनंतर शिवणक्लास, लग्न, दोन मुलं, घरात पायडलची मशीन. आजवर मला कुणी 'ताई' म्हणून काही विचारलं नव्हतं. शिवून द्यायला मात्र सगळे हजर. जावेचा ब्लाउज, जावेच्या बहिणीचा ब्लाउज, शेजारणीच्या लेकीचा घागरा. शिलाई विचारायची सोय नव्हती, "घरचंच तर आहे." दोऱ्याचं रीळसुद्धा माझंच. एकीनं तर फॉल-पिकोसाठी पाच साड्या ठेवल्या आणि न्यायला आली तेव्हा पिशवीतून दोन केळी काढून मुलांच्या हातात दिली. हिशेब पूर्ण!

तर अशा बाईनं फुकट शिकवणं हे जगावेगळं काही नव्हतं. मला फुकटचीच सवय होती. दीड वर्ष मी आठवड्याला एक व्हिडिओ टाकत राहिले: कटोरी, प्रिन्सेस कट, बोट नेक, मागचा खोल गळा, पायपिंग, लटकन. टू बाय टूचं कापड स्वतःच्या पैशानं आणायचं, कापायचं, दाखवायचं. तो छंद होता, आणि छंदाला माप नसतं. रात्री दोन वाजेपर्यंत एडिटिंग करत बसलं तरी त्याचं ओझं वाटत नव्हतं.

पैसे मिळतात हे ठाऊक होतं. पण २०१८च्या सुरुवातीलाच यूट्यूबनं नियम कडक केला होता: हजार सबस्क्रायबर हवेत आणि सरत्या बारा महिन्यांत चार हजार तास लोकांनी बघितलेलं हवं. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. बाई सरासरी चार मिनिटं बघते असं धरलं तर साठ हजार वेळा व्हिडिओ उघडला गेला पाहिजे. मी वहीत हा गुणाकार केला, वही मिटली आणि भाकऱ्या थापायला गेले. हजार सबस्क्रायबर आधी झाले. तास भरायला जून २०१९ उजाडला.

मग पिनचं प्रकरण. खात्यात दहा डॉलर जमले की गुगल तुमच्या पत्त्यावर टपालानं एक पिन पाठवतं. तो टाकून पत्ता खरा आहे हे सिद्ध करायचं. चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती बंद. सगळा कारभार हवेतला आणि त्याची किल्ली मात्र पोस्टमनच्या पिशवीत, याची मला फार गंमत वाटली होती. आमचा पत्ता 'पिठाच्या गिरणीमागे'. त्यात आला २०१९चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी कुठवर चढलं होतं हे इकडच्यांना सांगायला नको. पुणे-बेंगळुरू हायवे कितीतरी दिवस बंद होता. लोकांच्या घरांत गाळ होता आणि मी पिनची वाट बघतेय हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची. पहिलं पत्र आलंच नाही. दुसरं सप्टेंबरच्या शेवटी आलं, पोस्टमनकाका म्हणाले, "तुमचं हाय व्हय हे? आमाला वाटलं कुठलं क्रेडिट कार्डचं."

शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे येत नाहीत. ते जानेवारी २०२०मध्ये झाले. बँकेतून फोन आला, बाहेरदेशातून रक्कम आलीय, कशाची आहे ते सांगून जा. काउंटरवरच्या बाईंना मी सांगितलं, "ब्लाउज शिवायला शिकवते त्याचे." त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बोट नेकचा व्हिडिओ आहे का?"

घरी आल्यावर मामांना, म्हणजे सासऱ्यांना, नोटिफिकेशन दाखवलं. साडेसात हजारांच्या आतबाहेर होते. त्यांनी विचारलं, "कोण देतं हे?" मी म्हटलं, जाहिरातवाले कंपनीला देतात, त्या शंभरातले पंचावन्न आपल्याला. "दर कोण ठरवतं?" कंपनी. "तुझ्या हातात काय?" जितक्या जणी बघतील तितके. मामा आयुष्यभर मागावर उभे राहिलेले, नंतर स्वतःचे चार माग खर्चीवर चालवलेले. क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हंजे खर्चीवालंच की गं."

बाहेरच्या वाचकासाठी हे जरा उलगडते, कारण इतक्या वर्षांत कुठल्याही तज्ज्ञानं मला हा धंदा इतका नेमका सांगितलेला नाही. इचलकरंजीत यंत्रमागवाले ढोबळमानानं दोन प्रकारचे. एक स्वतः सूत घेतो, कापड विणतो, विकतो. भाव चढला तर त्याचा, पडला तर त्याचा. दुसरा खर्चीवाला. माग त्याचे, शेड त्याची, वीजबिल त्याचं, कामगार त्याचा. पण सूत व्यापाऱ्याचं आणि कापडही व्यापाऱ्याचंच. याला फक्त मजुरी, तीही पिकावर. पीक म्हणजे आडवा धागा. एका इंचात बावन्न आडवे धागे असतील तर ते बावन्न पिकाचं कापड. मीटरमागे एका पिकाला समजा सहा पैसे ठरले, तर बावन्न पिकाच्या कापडाला मीटरला तीन रुपये बारा पैसे. माग रात्रभर चालला तर जास्त मीटर, बंद पडला तर शून्य. आणि मंदी आली की ते सहा पैसे साडेपाच होतात, पाच होतात. का, ते विचारायला गेलं तर व्यापारीही वर बोट दाखवतो.

माझं टेबल, माझं कापड, माझी वीज, माझी पाठदुखी. बघणाऱ्या बायका मात्र कंपनीच्या दारातून आलेल्या, आणि व्ह्यू म्हणजे पीक. हजार पिकांमागे कधी पंचवीस रुपये, कधी चाळीस. दिवाळीच्या आधी दर चढतो, कारण सोनं, साड्या, टीव्ही सगळ्यांनाच जाहिरात करायची असते. जानेवारीत तो असा पडतो की पहिल्या वर्षी मला वाटलं चॅनेलच बिघडलं. यात तसं नवीन काही नाही. 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीतल्या जाहिरातींच्या आधारानं मजकूर छापत आलाय. फरक इतकाच की दिवाळी अंकाच्या संपादकाला कुणाची जाहिरात घेतली हे माहीत असतं. माझ्या व्हिडिओआधी एकदा रेडिमेड ब्लाउजची जाहिरात लागली होती.

मग मार्च आला. २०२०चा.

एका संध्याकाळी माग थांबले ते सुरूच झाले नाहीत. आधी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चिमण्यांचा आवाज आला आणि आत्या, म्हणजे सासूबाई, घाबरल्या. "इतकं शांत बरं न्हवं," म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. आमचे हे सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला; सायझिंग बंद, पगार बंद. मामांचे चार माग केव्हाच भंगारात गेले होते, पण गल्लीतल्या प्रत्येक घराचं पोट त्या आवाजावर होतं. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर स्वच्छ आवाजात रेकॉर्डिंग करता येत होतं. त्या दिवसांतले व्हिडिओ आजही ऐकले तर अंगावर काटा येतो. मागं काहीच नाही. फक्त कात्री.

एप्रिलमध्ये मास्कचा व्हिडिओ टाकला. सुती कापड, तीन पदर, तीन चुण्या. इलॅस्टिक बाजारात मिळेना म्हणून नाडी. तो इतका चालला की मला भीती वाटायला लागली. व्ह्यूज तिप्पट-चौपट झाले, पैसे तेवढे झाले नाहीत. जाहिरातवाल्यांनीही हात आखडता घेतला होता. तरी मे महिन्यात तेवीस हजार आले आणि त्यावर घर चाललं. एवढंच लिहिते, कारण त्या महिन्यात नवरा-बायकोत काय काय झालं हा लेखाचा विषय नाही. पण छंद तिथं संपला. ज्या दिवशी मी "आज व्हिडिओ टाकायचा मूड नाही" असं म्हटलं आणि ह्यांनी काही न बोलता माझ्याकडं नुसतं बघितलं, त्या दिवशी.

ऑक्टोबरपर्यंत मास्कचा व्हिडिओ मेला. बाजारात दहा रुपयांत मास्क मिळायला लागले, शिवणार कोण? त्या व्हिडिओवरून आलेल्या हजारो जणींना ब्लाउजशी काही देणंघेणं नव्हतं. नवा व्हिडिओ टाकला की त्या बघायच्या नाहीत, आणि आपलीच माणसं बघत नाहीत म्हटल्यावर यूट्यूबही तो इतरांना फारसा दाखवायचं नाही. गर्दी जमली होती, गिऱ्हाईक जमलं नव्हतं.

त्याच वर्षी नणंदेच्या मुलीचं झालेलं बघत होते. टिकटॉकवर तिचे लाखाच्या वर फॉलोअर होते, बारशाला गेलं की लोक फोटो काढायचे. २९ जून २०२०ला रात्री सरकारनं ५९ ॲप बंद केली, त्यात टिकटॉक. पोरगी आठवडाभर जेवली नाही. सगळे हसत होते. मला हसू आलं नाही. मी त्या रात्री माझ्या चॅनेलचे सगळे व्हिडिओ एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. पण उतरवून घेतलेले व्हिडिओ म्हणजे गोदामातलं कापड. बायका कुठं उतरवून घ्यायच्या?

याला उत्तर म्हणून मी सरळ एक नंबर घेतला, व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं आणि प्रत्येक व्हिडिओत सांगायला लागले की शंका असेल तर इथं मेसेज करा. तो निर्णय शहाणपणाचा होता असं आता म्हणता येतं. तेव्हा तो छळ होता. रात्री साडेअकराला "ताई झोपलात का, बाहीला चुण्या पडतायत" आणि सोबत फोटो. पण त्या मेसेजांतूनच मला कळलं की बायकांना व्हिडिओ समजतो, माप जुळत नाही. खडू हातात घेतला की हात थरथरतो. कापड महागाचं, लेकीच्या लग्नातलं, एकदा कात्री चालली की चालली. त्यांना कुणीतरी आखून दिलेलं हवं होतं.

आधी मी सोपा मार्ग काढला. भाच्यानं संगणकावर पॅटर्न काढून दिले, पीडीएफ केली. नव्याण्णव रुपये, क्यूआर कोडवर पैसे टाका, फाइल घ्या, जवळच्या दुकानातून ए-फोर कागदावर प्रिंट काढा, जोडा, कापा. छपाई नाही, टपाल नाही. पहिल्या आठवड्यात साठेक गेल्या. दुसऱ्या आठवड्यात फोटो यायला लागले: घट्ट झाला, काखेत ओढतो, हुक लागत नाही. मला काही कळेना. मी स्वतः प्रिंट काढून शिवला तर नीट. शेवटी एकीच्या गावातल्या झेरॉक्सवाल्याशी फोनवर बोलले तेव्हा उमगलं. प्रिंट देताना तो 'फिट टू पेज' करायचा. कागदाच्या कडेला जागा सुटावी म्हणून पान चार-पाच टक्के बारीक व्हायचं. चार टक्के म्हणजे काय मोठंसं? छत्तीसची छाती साडेचौतीस. ब्लाउजमध्ये दीड इंच म्हणजे संसार मोडायची वेळ. मग पहिल्या पानावर दोन इंचाचा चौकोन दिला, "आधी हा टेपनं मोजा" असं लाल अक्षरांत. कुणी मोजला नाही. पैसे परत केले, पीडीएफ बंद केली.

आता ही ठेच लागली नसती तर पुढचं सुचलं नसतं, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे पुढचं सुचलं ते आत्यांना. त्या म्हणाल्या, "कागद तूच कापून दे की. वाण्याकडं मिळतोय की खाकी कागद." २८ ते ४२पर्यंत आठ साइज, प्रत्येकाची पुढची बाजू, पाठ, कटोरीचे भाग, बाही, पट्टी. सुरुवातीला मी आणि आत्या रात्री जमिनीवर बसून कापायचो. मग हाताला घट्टे पडले तशी छापखान्यात गेले. पाचशे संचांखाली परवडत नाही म्हणाले. मुलीच्या नावची ठेव मोडली. हे ह्यांना दोन दिवसांनी सांगितलं.

पाचशे संच आले, पन्नास गेले, आणि एकीचा मेसेज: ३६ची बाही मुंढ्याला बसत नाही. मी तावातावानं पॅकेट उघडलं, मोजलं, आणि मटकन बसले. ३४च्या बाहीवर ३६ छापलं होतं. फाइल मीच तपासली होती, सही माझी होती. पाचशेच्या पाचशे संचांत चूक. मामा पलंगावरून सगळं बघत होते. त्यांनी पानाला चुना लावला आणि म्हणाले, "आता कुठं कारखानदार झालीस. खर्चीवाल्याचा लॉट कधी फेल जात न्हाई." रडता रडता हसू आलं. पन्नास जणींना फोन केले, बाहीचा नवा कागद हातानं कापून साध्या टपालानं पाठवला. उरलेल्या साडेचारशे पॅकेटांतली बाही आम्ही तिघींनी, मी, आत्या आणि लेक, आठ रात्री बसून बदलली. त्या पन्नासातल्या बऱ्याच जणी आजही माझ्याकडून माल घेतात. फोन केला म्हणून.

दरम्यान सीएकडं जाणं आलं. त्या माणसाच्या टेबलासमोर मी जितकं शिकले तितकं शिवणक्लासात शिकले नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका, हे त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, माझी उलाढाल वीस लाखांच्या जवळपास नाही, मग जीएसटीचं काय? ते म्हणाले, शिकवणं ही सेवा, तिला वीस लाखांची सूट आहे. पण कागदाचा संच हा माल. तो राज्याबाहेर एक जरी पाठवला तरी नोंदणी लागते. राज्याबाहेर! इचलकरंजीहून निपाणी तासाभरावर आहे, तिथं आमच्या निम्म्या पाहुण्यांच्या सोयरिकी, बायका मराठीतच मेसेज करतात, पण ते कर्नाटक. बेळगाव कर्नाटक. मडगावहून ऑर्डर आली ती गोवा. आणि माझ्याच घरापासून चारेकशे किलोमीटरवरचं नाशिक मात्र राज्यात. दोन महिने मी निपाणीच्या ऑर्डरी नाकारल्या, मग एका पाहुणीनं लग्नात तोंड फिरवलं तशी नोंदणी करून टाकली.

अमेरिकेच्या कराचा फॉर्म हा आणखी एक किस्सा. २०२१मध्ये यूट्यूबनं सांगितलं की अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून मिळालेल्या पैशावर तिकडचा कर कापणार. फॉर्म भरला तर भारतीयांना १५ टक्के, तोही तेवढ्याच रकमेवर. भरलाच नाही तर सगळ्याच कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतो. मी म्हटलं, अमेरिकेत माझा ब्लाउज कोण बघतंय? आकडे उघडले तर होत्या. थोड्याच, पण हजार व्ह्यूजमागे सगळ्यात जास्त पैसे त्यांच्याकडून. तिकडं शिलाई परवडत नाही म्हणून गणपतीच्या आधी घरी शिवतात, हे नंतर न्यू जर्सीच्या एका ताईनं कळवलं.

आणि जाहिरातीचे, म्हणजे थेट कंपन्यांचे पैसे. यावर फार लिहीत नाही, कारण तिथं माझं चुकलं. एका कंपनीनं मशीनला लावायची मोटर पाठवली, वर बारा हजार रुपये. मी आठ दिवस वापरली, छान चालली, छान म्हणून सांगितलं. तीन महिन्यांत निदान चौदा जणींच्या मोटरी जळल्या. कंपनीनं फोन उचलणं बंद केलं. त्या बायकांना कंपनीचं नाव आठवत नव्हतं, माझं आठवत होतं. एकीनं लिहिलं, "ताई, तुम्ही सांगितलं म्हणून दागिना न करता मोटर घेतली." तिला मी पैसे पाठवले. बाकीच्यांना नाही पाठवू शकले. आता नियमही कडक झालेत. व्हिडिओत 'जाहिरात' असं स्पष्ट सांगावं लागतं. जुलै २०२२पासून तर एका कंपनीकडून वर्षात वीस हजारांच्या वरची वस्तू फुकट मिळाली तरी तिच्यावर दहा टक्के टीडीएस आहे. चांगलंच आहे. फुकटाची किंमत कुणीतरी कागदावर लिहायला लावली. तरी मी आता मोटर, मशीन काही घेत नाही. कात्री स्वतः वर्षभर वापरली असेल तर सांगते, पैसे न घेता.

क्लासबद्दल सांगायचं राहिलं. दुपारी दोन ते साडेतीन, आठवड्यातून तीन दिवस, महिनाभर, तीस जणी, फी ४९९. दोनची वेळ का, तर त्या वेळात सासू झोपलेली असते, पोरं शाळेतून यायची असतात. हे सगळं ठरवायला मला एक दिवस लागला. ती फी तोंडानं सांगायला चार महिने लागले. व्हिडिओच्या शेवटी "क्लासची फी" म्हणायची वेळ आली की घशात काहीतरी अडकायचं आणि मी "सविस्तर माहिती खाली दिली आहे" म्हणून मोकळी व्हायचे. यूट्यूबचे पैसे इतके गोड का वाटायचे हे मला तेव्हा समजलं. ते मागावे लागत नाहीत. कुठूनतरी येतात, महिन्याच्या एकवीस ते सव्वीस तारखेच्या दरम्यान, ज्याच्या खिशातून आले त्याचं तोंड दिसत नाही. इथं समोर बाई होती, तिचं नाव माहीत होतं, तिची मशीन हप्त्यावर आहे हेही माहीत होतं.

एकदा लाइव्ह घेतलं तेव्हा सुपर चॅट सुरू ठेवलं होतं. कुणी पैसे पाठवले की नाव आणि रक्कम पडद्यावर झळकते, आपण वाचून दाखवायचं, आभार मानायचे. मामा मागून ओरडले, "आरं तिच्या, ही तर दौलतजादा!" दौलतजादा म्हणजे तमाशात नाव पुकारून पैसे देणं; तरुणपणी जत्रेतले फड बघितलेला माणूस. आत्यांनी असं काही बघितलं की मामा उठून बाहेर गेले. मी हसले, पण ते बंद केलं. लाज वाटली म्हणून नाही, निदान फक्त म्हणून नाही. चाळीस रुपये पाठवणारी बाई स्वतः एका साडीच्या फॉल-पिकोचे जेमतेम तेवढेच घेत असणार. तिनं मला चाळीस द्यायचे असतील तर बदल्यात तिच्या हातात काहीतरी पडायला हवं. नुसतं नाव नको.

अखेर ४९९ हा आकडा मी तोंडानं उच्चारला त्या दिवशी बॅचमधल्या बेळगावच्या काकू म्हणाल्या, "इतकंच? मला वाटलं दीड हजार सांगशील."

मोठ्या चॅनेलांचं बघते तेव्हा वाटतं, सगळे याच वाटेनं गेलेत. 'मधुराज रेसिपी'सारख्या चॅनेलनंसुद्धा पुढं स्वतःचे मसाले काढले. माझं त्यांच्याशी काय जुळणार, पण मसाल्याचं पाकीट आणि खाकी कागदाचं पाकीट एकाच कारणानं जन्माला येतात. तरी खर्ची मी सोडलेली नाही. सोडता येत नाही. व्हिडिओ थांबवले की कागदही जायचा थांबतो, हे गेल्या वर्षी आत्यांच्या आजारपणात दीड महिना बघितलं. शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबचे छोटे व्हिडिओ, मात्र कमी केले. तिथं वाटा ४५ टक्के आणि बाई एवढ्याशा वेळात ब्लाउज शिकत नाही, नुसती बघून पुढं सरकते.

वहीत आता दोन रकाने आहेत. डाव्या बाजूला 'खर्ची', उजव्या बाजूला 'आपलं कापड'. गेल्या महिन्यात डावीकडं ११,८४०. उजवीकडं शहाण्णव संच, साडेतीनशेनं ३३,६००, आणि क्लासचे अठ्ठावीस जणींचे १३,९७२. मग खाली वजाबाकी, ती लांबत जाते: कागद, छपाई, टपाल, जीएसटी, परत आलेली सात पाकिटं, बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल नेलेली एक, पॅकिंगला येणाऱ्या शेजारच्या वहिनींचे सहा हजार. या वहिनी म्हणजे त्या केळीवाल्याच. पहिल्या महिन्याचा पगार घेताना म्हणाल्या, "असू द्या हो, घरचंच तर आहे." मी पैसे मोजून हातात दिले आणि वहीत त्यांची सही घेतली.

एक गोष्ट मात्र वहीत बसत नाही. रात्री दोनपर्यंत जागून नवा गळा काढायचे, कुणी बघो न बघो, तसा गळा मी बऱ्याच दिवसांत काढलेला नाही. परवा कपाटात एक चिट सापडली, २०१८च्या आसपासची, मडक्याच्या आकाराचा मागचा गळा, खाली तीन थेंब. हा शिकवला तर संच विकला जाणार नाही. सगळ्या साइजना बसत नाही. हिशेबानं त्याच्यावर वेळ घालवणं चूक आहे.

कापड काढून ठेवलंय. वीज गेली की बघू.